लेकीसमोर उभं कोण राहणार? हॉकीचा पहिला पास



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले आणि गटातल्या एक ताई म्हणाल्या, "पोरगी हॉकी सोडते म्हणते. घरी सरावाला समोर कुणीच नसतं." खरंच आहे. पास द्यायचा तर घ्यायला दुसरं माणूस लागतंच. मग आम्हीच खळ्यावर उभ्या राहिलो. पोरींकडून जे शिकलो, तेच आज सांगतो.

आधी स्टिक धरायची. डावा हात वर टोकाशी, उजवा हात खाली. डावखुऱ्या मुलीनंही असंच, कारण हॉकीची स्टिक सगळ्यांना एकच. तिची एक बाजू सपाट, दुसरी गोल. चेंडूला सपाट बाजूच लागली पाहिजे. गोल बाजू चालत नाही आणि चेंडू पायानं अडवायचा नाही.

आता पास. ज्या मुलीला द्यायचा, तिच्याकडे डावा खांदा करून उभं राहायचं. गुडघे वाकवायचे. चेंडू डाव्या पायाच्या रेषेत, जरा पुढं. स्टिक चेंडूला टेकवायची आणि भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर घेत चेंडू ढकलायचा. शेवटी स्टिकचं टोक मैत्रिणीकडे राहिलं पाहिजे.

आमची चूक इथंच व्हायची. धुणं धोपटल्यासारखी आम्ही स्टिक उगारायचो. पोरी हसायच्या. हा पास मारायचा नसतो, सारायचा असतो. खळ्यावर फळीनं धान्य सारतो तसा.

चेंडू घेताना स्टिक ताठ धरली तर तो उडून लांब जातो. अंडं झेलताना हात जरा मागं घेतो, तशी स्टिक मागं घ्यायची. मैत्रीण पळत असेल, तर चेंडू ती आहे तिथं नाही, ती पोचणार तिथं द्यायचा.

सुरुवात पाच पावलांवरून करा, मग अंतर वाढवा. हॉकीचा चेंडू टणक असतो, म्हणून पहिले दिवस टेनिसचा चेंडू घ्या.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताच्या संघातून खेळते. 2023 च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात ती होती. आपली प्रत्येक लेक तिथवर जाईलच असं नाही. पण समोर कुणी नाही म्हणून तिनं स्टिक खाली ठेवू नये.

त्या ताईंची पोरगी अजून खेळते. रोज संध्याकाळी, स्वयंपाकाआधी पंधरा मिनिटं, समोर आई असते.