क्रूझवर जेवण: मेनूआधी गुरुत्वमध्य

घरात एक पीएचडीवाला असला की त्याला दोनच गोष्टी विचारतात: संपणार कधी, आणि हे जरा ऑनलाइन बुक करून देतो का? आई-पप्पांच्या लग्नाला यंदा ३० वर्षं होतायत, म्हणून सध्या दुसरा प्रश्न चालू आहे. नदीत बोट, बोटीवर जेवण, एवढीच आईची अट.

"आपली तापी काय वाईट?" असं पप्पा म्हणाले. वाईट काही नाही, पण फैजपूरजवळची तापी धरणाच्या हिशोबाने चालते. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडायची वेळ येते, उन्हाळ्यात पाणी आटतं. मोठ्या बोटीला बारमाही खोली हवी. पणजीला मांडवीत ती मिळते, कारण वरून पाणी कमी आलं तरी खालून समुद्र आत शिरतो. शिवाय भुसावळहून गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोला जाते.

पण समुद्र आला की भरती-ओहोटी आली. दिवसातून दोनदा भरती, आणि रोज ती साधारण ५० मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास गोव्यात भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या घरात जातो, अष्टमीच्या सुमारास बराच कमी असतो. आता हे जेवणाला कशाला? तर बोट पाण्याबरोबर खाली जाते, दगडी धक्का जात नाही. ऐन ओहोटीला फळी उतरती होते, आणि पप्पांचे गुडघे काही तीस वर्षांपूर्वीचे नाहीत. धक्का तरंगता असेल तर तोही बोटीबरोबर वर-खाली होतो, मग काळजी कमी. लग्नाची तारीख बदलता येत नाही, पण फेरीची वेळ निवडता येते. मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक आधी बघून घ्यायचं.

आता खरा मुद्दा. केळीचे घड उंचच उंच रचलेला टेम्पो सावद्याच्या रस्त्यावर वळताना कसा झुकतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बोटीचंही तेच. बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, पाणी तिथून वर ढकलतं आणि बोट सरळ होते. वजन खाली असेल तोवर हे जमतं. समजा, माणसांसकट बोट ६० टनांची आहे. त्यातली ५० माणसं, प्रत्येकी ६० किलोची, नाचायला अडीच मीटर वरच्या डेकवर गेली. म्हणजे ३ टन वजन वर गेलं. ३ × २.५ ÷ ६० = ०.१२५. गुरुत्वमध्य साडेबारा सेंटिमीटर वर सरकला. मग अटल सेतूचे दिवे दिसले आणि सगळे मोबाइल घेऊन एकाच कठड्याला धावले, तर तो बाजूलाही सरकणार. नीट बांधलेल्या बोटीत हा हिशोब आधीच केलेला असतो, पण ठरलेल्या माणसांपुरता.

७ मे २०२३ ला केरळात तानूरला संध्याकाळी दुमजली पर्यटक बोट उलटली, २२ जण गेले. मासेमारीची बोट बदलून ती पर्यटनासाठी वापरत होते, आणि माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती. मजला वाढवला, गर्दी वाढवली. खालचा सांगाडा मात्र मासे धरायला बांधलेला.

म्हणून फोनवर मी पनीर की मासे हे शेवटी विचारणार. आधी: बोट मुळात प्रवाशांसाठीच बांधलीय का? तपासणीच्या दाखल्यावर किती माणसांची परवानगी आहे, आणि शनिवारी प्रत्यक्षात किती घेता? २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार बोटीला नोंदणी आणि हा दाखला लागतो, तेव्हा विचारायला लाजायचं कारण नाही. लाइफ जॅकेट हाताशी असतात की कपाटात, कुलपात? टेबल खालच्या डेकवर मिळेल का?

शेवटच्या प्रश्नावर आईचा आक्षेप आहे. तिला वरच बसायचंय, वारा लागतो म्हणून. मग आठवड्यातला मधला वार बघू, गर्दी कमी असते.