कसबाचे मोल आणि खेळाडूचा हक्क

हिंगोली जिल्ह्यातील जत्रांमध्ये कुस्त्यांचा फड भरला, की जोड लागण्यापूर्वी इनामाची रक्कम पुकारली जाते. मल्लाला आपल्या मेहनतीचे मोल आधी आणि सर्वांसमक्ष कळते. व्यवहार लहान, पण चोख असतो. खेळात पैसा आला आणि मोठ्या संस्था उभ्या राहिल्या, म्हणजे हा चोखपणा आपोआप वाढतो, असे मात्र नाही. गेल्या शतकाच्या मध्यास गाजलेले मराठी फिरकी गोलंदाज सुभाष गुप्ते यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

मुंबईत १९२९ साली जन्मलेल्या गुप्ते यांनी ३६ कसोटी सामन्यांत १४९ बळी मिळविले. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात पाच कसोटींत त्यांचे २७ बळी होते. १९५८ च्या डिसेंबरात कानपूर येथे त्याच बलाढ्य संघाचे नऊ गडी त्यांनी एका डावात १०२ धावांत बाद केले. यष्टिरक्षकाच्या हातून एक झेल सुटला नसता, तर दहाही गडी त्यांच्या नावावर लागले असते. आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर म्हणून गॅरी सोबर्स यांनी त्यांचाच निर्वाळा दिला.

त्या काळी भारतात क्रिकेट हा उपजीविकेचा व्यवसाय नव्हता. मानधन तुटपुंजे असे आणि अनेक खेळाडूंचा चरितार्थ रेल्वेच्या वा खासगी कंपन्यांच्या नोकरीवर चाले. कसबाला रोख मोल होते ते सातासमुद्रापार, लँकेशायरमध्ये. हिंगोलीच्या शिवेला लागून असलेल्या वऱ्हाडातील कापूस एकेकाळी ज्या गिरण्यांत जाई, त्या गिरण्यांच्या गावांतील क्लब एकेक व्यावसायिक खेळाडू हंगामाच्या कराराने नेमीत. बाकीचे खेळाडू स्थानिक कामगार आणि कारकून. व्यावसायिकाने उत्तम कामगिरी केली, तर प्रेक्षकांत पेटी फिरे आणि जमलेली रक्कम त्याला मिळे. गुप्ते रिशटन या क्लबाचे असे व्यावसायिक होते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर दुर्मिळ कौशल्याची मागणी जेथे होती, तेथे ते गेले.

मायदेशी त्यांना कीर्ती भरपूर मिळाली, संरक्षण नव्हते. १९६१ च्या डिसेंबरात दिल्ली कसोटीच्या वेळी त्यांच्या खोलीतील सहकारी खेळाडूने हॉटेलच्या स्वागतकक्षातील महिलेस दूरध्वनी करून भेटीस बोलावले. तिने तक्रार केली. अशा तक्रारीची कठोर दखल घेतली गेलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. तथापि दूरध्वनी गुप्ते यांनी केलेला नसताना, सहकाऱ्याबरोबर त्यांनाही वगळण्यात आले. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यास ते मुकले आणि बत्तिसाव्या वर्षीच त्यांची कसोटी कारकीर्द संपली. पुढे ते पत्नीच्या त्रिनिदादमध्ये स्थायिक झाले आणि २००२ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

शिपायाला किंवा कारकुनाला कामावरून कमी करावयाचे, तर आरोपपत्र, खुलासा, अपील अशा पायऱ्या असतात. या कोरड्या वाटणाऱ्या पायऱ्याच नोकरदाराचे खरे कवच असतात. गुप्ते यांच्या काळी खेळाडूच्या बाजूने उभी राहणारी संघटनाच नव्हती. भारतीय क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना २०१९ साली स्थापन झाली, तीही निवृत्त खेळाडूंपुरती.

महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, आणि २००८ पासून आयपीएलच्या लिलावांनी तरुणांच्या डोळ्यांसमोर कोटींचे आकडे उभे केले आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या मैदानांवर घाम गाळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी आणि शिक्षकांनी बक्षिसाच्या रकमेबरोबर आणखी काही प्रश्न विचारावयास हवेत. करार लेखी आहे काय? दुखापत झाल्यास खर्च कोण करणार? आरोप आला, तर बाजू कोण ऐकणार? मोठी रक्कम थोड्यांच्याच वाट्याला येते. या प्रश्नांची उत्तरे मात्र प्रत्येक खेळाडूला मिळू शकतात. गुप्ते यांच्या हाती कसब होते, त्याला मोल देणारी बाजारपेठही होती. नव्हता तो हक्क. आणि त्यावाचून कीर्तीला संरक्षण नसते.