‘बनवाबनवी’ची चाळिशी पिंपरीत करू या!

२३ सप्टेंबर १९८८, शुक्रवार. त्या दिवशी ‘अशी ही बनवाबनवी’ थिएटरात लागला आणि मराठी घरांत जो शिरला, तो आजतागायत तिथेच मुक्कामाला आहे. २०२८ साली त्याला ४० वर्षं पूर्ण होतील. कॅलेंडर आधीच बघून ठेवलंय, त्या वर्षी २३ सप्टेंबरला शनिवार येतो. वर्धापनदिनाचा खेळ लावायला याहून चांगला वार कुठला? हयात कलाकार पहिल्या रांगेत, मागे खच्चून भरलेलं नाट्यगृह. माझ्या मनात त्यासाठी जागाही ठरलेली आहे, ती म्हणजे पिंपरीच्या संत तुकाराम नगरातलं आचार्य अत्रे रंगमंदिर. कारणं पुढे येतीलच. तोवर, खेळाला जायच्या आधी माहीत असाव्यात अशा या काही गमती.

‘बॅचलर? मग खोली नाही!’

पुण्यात चार तरण्या पोरांना राहायला जागा मिळत नाही, घरमालकीण फक्त लग्न झालेल्या जोडप्यांनाच घर देते, म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. झाली गोष्ट! आता ही गोष्ट पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात सांगून बघा. मराठवाड्यातून, विदर्भातून, खान्देशातून एमआयडीसीत नोकरीला आलेला पोरगा पहिले कित्येक दिवस हेच ऐकत असतो, ‘फॅमिली असेल तरच सांगा.’ मग कॉट बेसिसवर कुठेतरी सोय लागते आणि एका खोलीत चार-पाच जण राहतात. संत तुकाराम नगरात वायसीएम रुग्णालय आहे, डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज आहे. भाड्याची खोली शोधणारे विद्यार्थी इथे दरवर्षी नव्याने येतात. सिनेमातले पहिले घरमालक सर्पोतदार यांचा तोरा आणि अशोक सराफांच्या धनंजय मानेची तारांबळ या मंडळींना समजावून द्यावी लागत नाही. म्हणूनच १९८८ नंतर जन्मलेली पोरंही या सिनेमावर हक्क सांगतात, आणि तो हक्क खरा आहे.

मालकीणबाई आपल्याच गावच्या

नयनतारा यांनी रंगवलेल्या घरमालकिणीचं नाव आठवतंय? लीलाबाई काळभोर. पिंपरी-चिंचवडकरांनी इथे शिट्टी मारायला हरकत नाही. काळभोर हे आकुर्डी-निगडी भागातल्या जुन्या गावकऱ्यांचं आडनाव, आणि शहरात अख्खं काळभोरनगर आहे!

साडीची परंपरा मोठी आहे

आता अत्रे रंगमंदिरच का, ते. लक्ष्मीकांत बेर्डेंच्या परशुरामची पार्वती आणि सचिनच्या सुधीरची सुधा होण्याच्या किती तरी आधी आचार्य अत्र्यांनी एका पुरुषाला लुगडं नेसवून मराठी रंगभूमीवर धमाल उडवून दिली होती. नाटक ‘मोरूची मावशी’. मूळ ब्रँडन थॉमस यांचं १८९२ चं इंग्रजी नाटक ‘चार्लीज आँट’, पण अत्र्यांनी ते इतकं घरचं केलं की मूळ कुणाला आठवू नये. १९८०च्या दशकात विजय चव्हाणांनी ही मावशी पुन्हा गाजवली. म्हणजे ‘बनवाबनवी’ आला तेव्हा प्रेक्षक साडीतल्या पुरुषाला टाळ्या द्यायला तयारच बसले होते. ज्या लेखकाने ही मावशी दिली, त्याच्याच नावाच्या रंगमंदिरात पार्वतीचं स्वागत व्हावं, हे किती योग्य!

आणि वस्तीच्या नावाचा धागाही याच सिनेमापर्यंत पोचतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. त्यात तुकोबा साकारणारे विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवरचे, तरुणपणी स्त्री-भूमिका करणारे नट! प्रभातच्या संस्थापकांपैकी एक व्ही. शांताराम. ‘बनवाबनवी’ त्यांच्याच नावाच्या निर्मितीसंस्थेचा, निर्माते त्यांचे चिरंजीव किरण शांताराम, आणि शंतनू झालेला देखणा सिद्धार्थ रे हा व्ही. शांतारामांचा नातू. पुढे ‘बाजीगर’मधला इन्स्पेक्टर करण म्हणून तो देशभर पोचला.

गब्बरच्या तावडीतले दोघे

‘बनवाबनवी’त ‘शोले’ची दोन माणसं आहेत. दिग्दर्शक आणि सुधीर, म्हणजे सचिन पिळगांवकर, हा ‘शोले’तला इमामसाहेबांचा अहमद. आणि ‘बळी’ नावाचं पात्र रंगवणारे विजू खोटे म्हणजे अर्थातच कालिया. ‘शोले’त दोघांचाही जीव गब्बर घेतो. तेरा वर्षांनी दोघं मराठीत एकत्र येऊन आपल्याला खदखदून हसवतात. विजू खोटेंच्या काकू दुर्गा खोटे या व्ही. शांतारामांच्याच ‘अयोध्येचा राजा’च्या (१९३२) नायिका. मराठी सिनेमा हे कसं एकत्र कुटुंब होतं, ते अशा वेळी दिसतं.

जोड्यांचा घोळ

हा माझा सगळ्यात आवडता मुद्दा. सिनेमातल्या मंडळींत खऱ्या आयुष्यातल्या तीन जोड्या आहेत. सचिन-सुप्रिया यांचं लग्न तोवर झालेलं होतं. अशोक सराफ आणि निवेदिता जोशी यांचं १९९० मध्ये झालं. लक्ष्मीकांत बेर्डे आणि प्रिया अरुण यांचं त्याच्याही नंतर. पण पडद्यावर निवेदिता आहे शंतनूची सुषमा आणि अशोकमामांचा जीव जडलाय अश्विनी भावेंच्या माधुरी मॅडमवर! पुढच्या वेळी बघताना मामा आणि निवेदिता एकाच चौकटीत येतात ते प्रसंग मुद्दाम बघा. वेगळीच मजा येते.

बंगालहून पुण्याला

गोष्टीचा प्रवास लांबचा आहे. बंगाली लेखक शैलेश डे यांची मूळ कथा, तिच्यावर १९५५ चा बंगाली सिनेमा ‘जय माँ काली बोर्डिंग’. मग १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’, त्यात मेहमूद आणि विश्वजित. मराठीनंतर ती तेलुगू, कन्नड अशी हिंडली, २००९ मध्ये ‘पेइंग गेस्ट्स’ होऊन हिंदीत परतली आणि पुढे पंजाबीतही गेली. इतक्या आवृत्त्यांत आपली का टिकली? माझं उत्तर एका नावात आहे, ‘बनवाबनवी’चे लेखक वसंत सबनीस. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या या माणसाला बोलत्या मराठीचा ठेका पक्का ठाऊक होता. ‘बनवाबनवी’तले विनोद शब्दांवर कमी आणि बोलण्याच्या लयीवर जास्त उभे आहेत, त्यामुळे ते पाठ असूनही शिळे होत नाहीत. नटांचं कौतुक आपण पुष्कळ करतो. सबनीसांचं त्या मानाने फार कमी होतं, आणि त्याची मला मनापासून खंत आहे.

डोहाळजेवणातली पार्वती

‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणं आज महाराष्ट्रातल्या खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणांत हमखास वाजतं. झोपाळा, फुलांचे दागिने, हिरवी साडी आणि मागे हे गाणं. पडद्यावर त्या गाण्यातली गर्भारशी म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे! हे सगळ्या बायकांना माहीत असतं, तरी गाणं तितक्याच मायेने लावलं जातं. एवढं प्रेम फार थोड्या विनोदी गाण्यांच्या वाट्याला येतं.

ओरडायचं की नाही?

ओरडायचंच. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा १९७५ चा सिनेमा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीच्या खेळांना लागला आणि प्रेक्षक पडद्याला उत्तरं देऊ लागले. लग्नाचा प्रसंग आला की ते थिएटरात तांदूळ उधळतात, अगदी आपल्या अक्षतांसारखे. आपल्याकडे तांदळाची गरज नाही. सर्पोतदारांच्या दारात माने इथेच राहतात का, ही चौकशी सुरू झाली की आख्खं सभागृह ती एका सुरात पूर्ण करेल. ७० रुपयांचा उल्लेख झाला की पुढचं पडद्यावर ऐकूच येणार नाही. फक्त एक विनंती, सुधीर जोशींचे प्रसंग शांतपणे बघा. सर्पोतदारांचा चेहरा ओठांच्या आधी बोलतो आणि गोंगाटात ते निसटतं.

सुधीर जोशी आता नाहीत. लक्ष्मीकांत आणि सिद्धार्थ दोघंही २००४ मध्ये गेले, नयनतारा २०१४ मध्ये, विजू खोटे २०१९ मध्ये. म्हणूनच जे आहेत त्यांना डोळे भरून बघायची ही वेळ आहे. अशोक सराफ यांना महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ मध्ये पद्मश्रीही जाहीर झाली. पण साडीतल्या पार्वतीची ‘बायको’ म्हणून ओळख करून देणारा तो माणूस व्यासपीठावर उभा राहिल्यावर संत तुकाराम नगरात जो जल्लोष होईल, तो त्यांना प्रत्यक्ष ऐकवायला हवा.

अत्रे रंगमंदिर महापालिकेचं आहे. संत तुकाराम नगरचं मेट्रो स्टेशन ६ मार्च २०२२ पासून सुरू आहे आणि आता स्वारगेटहून थेट गाडी येते, त्यामुळे पुणेकरांनाही सबब नाही. वाचकहो, तुमच्या मंडळात, सोसायटीत, कंपनीच्या कामगार संघटनेत हा विषय काढा. महापालिकेला पत्र लिहा, नाट्यगृहाची तारीख मागा आणि कलाकारांना वेळेत निमंत्रण धाडा. शनिवार, २३ सप्टेंबर २०२८.