कोठाराच्या पाच फळ्या

मैत्रिणींनो, धान्याची कोठी आपण किती जपतो! न्यूझीलंडच्या माओरी लोकांचं कोठारही असंच मानाचं, त्यावर सुंदर कोरीव काम. तारानाकी भागातल्या अशा एका कोठाराच्या पाच फळ्या पूर्वजांनी दलदलीत लपवल्या होत्या. 1972 साली त्या सापडल्या. कलावस्तूंच्या व्यापाऱ्याने त्या विकत घेऊन परवान्याशिवाय देशाबाहेर नेल्या, एका धनाढ्य संग्राहकाला विकल्या.

सरकार लंडनच्या कोर्टात गेलं, 1983 मध्ये हरलं. का? कायद्यात माल जप्त होईल असं लिहिलं होतं, पण प्रत्यक्ष जप्ती कुणी केलीच नव्हती! अखेर 2014 साली 45 लाख डॉलर मोजले. आपलीच वस्तू विकत घ्यायची, आम्हाला तर हे पचेना. फळ्या आता तारानाकीतच, न्यू प्लिमथच्या संग्रहालयात आहेत.