घोड्याच्या आवारास कुंपण कोणते घालावे?

धार संस्थानच्या अमलात परगण्याचे ठाणे असलेल्या कुक्षीच्या आसमंतात हौसेने घोडे पाळणाऱ्यांनी, शेताच्या बंदोबस्तासाठी वापरली जाणारी काटेरी तार घोडे मोकळे सोडण्याच्या आवारास लावण्याची तजवीज कदापि करू नये. कारण भयाची चाहूल लागताच विचारापूर्वी पलायन करणे हा अश्वाचा स्वभाव, बारीक तार त्यास वेळेवर दिसत नाही, आणि अडकलेला पाय सोडविण्याच्या धडपडीत जखम थेट कंडरेपर्यंत जाते.

त्यापेक्षा सुमारे साडेचार ते 5 फूट उंचीचे, रुंद आडव्या फळ्यांचे कुंपण श्रेयस्कर. मात्र फळ्या खांबांच्या आतील अंगास ठोकाव्या, म्हणजे घोडा रेलला तरी खिळे उपटत नाहीत. जाळीच वापरायची तर तिची छिद्रे खुरापेक्षा लहान हवीत आणि माथ्यावर एक ठळक फळी हवीच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा खांब खोल पुरण्यात काटकसर करणे ही माझ्या मते निव्वळ उधळपट्टी होय. कोपरे गोलसर असावेत, जेणेकरून दुबळे जनावर बलिष्ठाच्या कचाट्यात सापडणार नाही. शोभेसाठी कण्हेरीची रांग लावण्याचा मोह तर सर्वस्वी वर्ज्य: तिची मूठभर पानेदेखील घोड्याचा प्राण घेण्यास पुरतात.