संगणक आणि सव्वादोन मीटर

कर्जतला 1994 पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. माझा पुतण्या खोपोलीहून लोकलने तेथे शिकायला येतो. कॉलेज सुटले की त्याने दुकानात गिऱ्हाईक पाहावे, हा माझा आग्रह. तो मात्र गल्ल्यामागे संगणक उघडून बसे. पोरगा धंद्यातून गेला, असे मी धरून चाललो होतो.

एके दिवशी त्याने आमच्या ताग्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिहून दाखवला. मी कागदावर ताळा केला. 40 मीटरच्या ताग्यातून सव्वादोन मीटरचे 8 शर्टपीस गेले, म्हणजे 18 मीटर; बाकी 22. संगणक सांगत होता 24! पुतण्याने शोधून काढले : माप ठेवायला त्याने पूर्णांकाचा प्रकार निवडला होता, म्हणून मशीनने प्रत्येक पीसमागे पाव मीटर मुकाट्याने सोडून दिले. तो चिडला नाही, लाजला नाही; रात्री जागून त्याने चूक दुरुस्त केली. अशी चिकाटी मी गल्ल्यावर त्याच्यात कधी पाहिली नव्हती.

हे काम आपल्याला परकेही नाही. फ्रान्सच्या जॅकार्डने 1804 च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग बनवला. इंग्लंडच्या बॅबेजने तीच युक्ती गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली. 'अल्गोरिदम' हा शब्दही अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला.

आता मी त्याला उठवत नाही. मुलांना संगणक जरूर द्या. पण मीटर-गजाचा हिशेबही शिकवा. ताळा करणारा माणूस लागतोच.