पाटीपूर्वीची शाळा

मूल तीन वर्षांचे होते न होते तोच त्याच्या हाती पाटी-पेन्सिल देण्याची आपल्याकडे मोठी घाई असते. शेजारचा बंडू शंभरपर्यंत अंक म्हणतो आणि आपला मात्र मातीत खेळत बसतो, या चिंतेने पालकांची झोप उडते. परंतु मातीत खेळणारे ते मूल खरोखरच काही शिकत नसते काय?

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालवाडीचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे हीच साधने झाली. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच! पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर बहरले. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आता खेळातून शिक्षण कसे घडते ते पाहू. चिंचोक्यांचे सारखे वाटे करताना मुलाला संख्येचा अर्थ हाताला कळतो. नुसते पाढे म्हणून तो कळत नाही. माती मळताना व मणी ओवताना बोटांत जो नेमकेपणा येतो, तोच पुढे लेखनाच्या कामी येतो. भातुकलीत एखादे पान पोळी होते. एका वस्तूने दुसरीचे काम करावे, ही कल्पना येथे रुजते. अक्षर तरी ध्वनीचे चिन्ह नव्हे तर काय? शिवाय आपली पाळी येईपर्यंत थांबणे मूल खेळातच शिकते.

ही तयारी होण्यापूर्वीच लेखन लादले, तर मूल अडखळते आणि आपण त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो. पाचव्या वर्षी बसलेला हा शिक्का पुसणे कठीण असते. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जाते, आणि तत्पूर्वीचे पूर्वप्राथमिक वर्ष मुख्यत्वे खेळाचे असते. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानून त्यात खेळाला स्थान दिले आहे, आणि पहिलीसाठी सहा वर्षे वय धरले आहे.

मात्र शाळा उशिरा म्हणजे मूल वाऱ्यावर सोडणे नव्हे. ज्या घरी गोष्ट सांगायला कुणाला सवड नाही, तेथील मुलाला चांगल्या बालवाडीची गरज सर्वांत अधिक. तेथे जाणती शिक्षिका हवी, आणि तिला मानाचे वेतनही हवे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील आणि बहुतेकजण पालक. बालवाडीत गेल्यावर 'किती अक्षरे आली?' असे विचारण्याऐवजी 'आज काय खेळलात?' असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तरी पुष्कळ साधेल.